उंबऱ्याबाहेरची भाकरी

आमच्या हुबळी-धारवाडकडे रस्त्यात ओळखीचं माणूस भेटलं, तर 'कसे आहात' असं कोणी विचारत नाही. 'ऊटा आत्री?' असं विचारतात. म्हणजे जेवण झालं का. समोरच्यानं 'आत्री', म्हणजे झालं, एवढं म्हणायचं आणि दोघांनी आपापल्या वाटेला लागायचं. घरात मराठी बोलणारे आम्हीसुद्धा हेच विचारतो. समोरचा खरंच जेवलाय का, हे विचारणाऱ्याला ऐकायचं नसतं आणि सांगणाऱ्याला सांगायचं नसतं. मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होतो. त्या तीस वर्षांत शिकलो काय, असं कोणी विचारलं तर हा एक प्रश्न नीट विचारायला शिकलो, एवढंच सांगता येईल. तोही उशिरा शिकलो.

लोक मला डॉक्टर म्हणायचे. पहिली काही वर्षं मी दुरुस्ती करायचो, 'डॉक्टर आत बसलेत, मी कंपाउंडर.' पुढं कंटाळलो. साहेबांना सह्या, दौरे आणि मीटिंगा यांतून सवड मिळाली तर ते जनावर बघायचे, बाकी सगळं माझ्याच अंगावर. माझं शिक्षण गाईम्हशींचं. अमरगोळच्या बाजारात खांदे सोललेले बैल यायचे, त्यांना मलम. केलगेरीला म्हैस अडली की रात्री-अपरात्री सायकल काढायची. पोट फुगलेल्या गाईला बांबूच्या नळीनं तेल पाजायचं. मोठ्या जनावराचं एक बरं असतं, आपली चूक झाली तरी ते सावरून घेतं. चार लोटे औषधातला अर्धा लोटा सांडला तरी गाय काही बोलत नाही.

कुत्र्याला काय घालावं हा प्रश्न तेव्हा कोणाला पडतच नव्हता. कुत्र्याला 'घालायचं' नसतं, कुत्रं 'खातं', अशी आमची सगळ्यांची समजूत. उरलंसुरलं परसात टाकलं की काम झालं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाला आमच्या शहरांत पामेरियन आलं आणि ही समजूत मोडली. आमच्याकडे त्याला सगळे 'पामोरिन' म्हणायचे. पिंजलेल्या कापसासारखं पांढरं, मांडीवर मावणारं, आणि भुंकायचं मात्र अंगाच्या चौपट. बँकेच्या मॅनेजरनं आणलं, की शेजारच्या व्यापाऱ्यालाही हवं. कोणी बेंगळूरहून टोपलीत घालून आणायचं, कोणी बेळगावच्या लष्करातल्या ओळखीच्या साहेबाकडून. आणलं की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हजर: 'डॉक्टर, याला काय घालायचं?'

एका मिठाईवाल्यानं पिल्लाला पंधरा दिवस नुसते पेढे चारले होते. 'आपल्या घरात कमी काय आहे?' असं वर मलाच विचारलं. तालमीतल्या एका पैलवानानं बदाम घोटून पाजले. एका बाईंनी पिल्लाला टॉनिकची महागडी पावडर सुरू केली होती आणि त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या बरगड्या मोजता येत होत्या. सगळे प्रेमानं करत होते, त्यामुळं रागावताही यायचं नाही. साहेबांना विचारलं तर ते म्हणायचे, 'दूधभात सांगा हो, कुत्रंच आहे.'

मीही तेच सांगायचो. तेव्हा मी धारवाडला होतो. तिथं सप्तापूरला एक तरुण प्राध्यापक भाड्याच्या खोलीत एकटे राहायचे. लग्न नाही, नातलग लांब. त्यांनी दीड महिन्याचं पामेरियन आणलं आणि एका कागदावर प्रश्न लिहून माझ्यासमोर उभे राहिले. मी ऐटीत सांगितलं, 'दिवसातून दोनदा. सकाळ-संध्याकाळ पोटभर दूधभात.' गावठी कुत्र्याला तेवढं पुरतं, म्हणून यालाही पुरेल असा माझा हिशेब. अंग लहान, म्हणजे भूकही लहान. यात कोणाला काय चूक दिसणार?

तीन आठवड्यांनी ते आले. परीक्षेच्या कामामुळं पहाटेच घराबाहेर पडले होते, सकाळचं घालायचं राहिलं. दुपारी येऊन बघतात तर पिल्लू दाराशी ताठ होऊन पडलेलं. मी 'रोग असेल' म्हणालो. ते म्हणाले, 'तुम्ही खूप मदत केलीत. तुम्ही सांगितलं तसंच मी सगळं केलं होतं.' आणि चक्क हात जोडून गेले. त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते वाक्य मला अजून चावतं.

मग मी साहेबांच्या कपाटातली जाडजूड इंग्रजी पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचायला लागलो, आणि जे कळलं ते साधंच होतं. लहान जातीच्या पिल्लाचं पोट लिंबाएवढं असतं, पण त्याची आतली भट्टी मात्र धडाधड पेटलेली असते. अंगावर साठा काही नाही. मोठं कुत्रं एक दिवस उपाशी राहिलं तर नुसतं चिडतं. हे पिल्लू आठ-दहा तास रिकामं राहिलं तर रक्तातली साखर उतरते, ते लटपटतं, ताठ होतं आणि जातं. म्हणून याला दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं, आणि सकाळी डोळे उघडल्या उघडल्या घालायला हवं. अंग जितकं लहान तितक्या वेळा जास्त. मी बरोबर उलटं सांगितलं होतं.

हे कळून फार दिवस झाले नव्हते, तोच माझी धारवाडहून हुबळीच्या दवाखान्यात बदली झाली आणि वेणूअक्कांच्या घरून बोलावणं आलं.

हे कुटुंब मूळचं मिरजेकडलं, दोन पिढ्या हुबळीच्या बाजारात कापडाचं दुकान. घरात विधवा वेणूअक्का, साठीच्या आसपासच्या, आणि त्यांचा पुतण्या वसंत, त्याची बायको, दोन मुलं. दुकान वसंताचं, घर अक्कांचं. आवाज न चढवता सगळ्यांना धाकात ठेवणारी बाई. वसंतानं बेळगावहून पामेरियनचं पिल्लू आणलं तेव्हा अक्कांनी आठ दिवस त्याच्याकडे बघितलं नाही. नवव्या दिवशी ते त्यांच्या पदरात झोपलेलं सापडलं. नाव ठेवलं बाळू. 'घरात आलंय ते घरातलंच की,' अक्का म्हणाल्या, आणि पुढचा सगळा घोळ या एका वाक्यानं झाला.

बाळू दोन महिन्यांचा झाला आणि त्याला झटके यायला लागले. मी पहिल्यांदा गेलो ते संध्याकाळी, दवाखाना सुटल्यावर. पिल्लू ठणठणीत, माझ्या चपलेचा पट्टा चावत होतं.

"खातं का व्यवस्थित?" मी विचारलं.

"खातंय की," अक्का म्हणाल्या. "ताटली चाटून पुसून ठेवतंय."

"दिवसातून किती वेळा?"

"आम्ही जेवतो तेव्हा त्याला. दुपारी, चारला, राती. घरातल्यासारखंच हो सगळं, भेदभाव नाही आमच्याकडं."

मला ते फार छान वाटलं. जंत असतील म्हणून वाण्याच्या तराजूत पिल्लू तोलून थेंब मोजून औषध दिलं आणि निघालो. आठवड्यात पुन्हा झटका. वसंतानं त्याला दवाखान्यात आणलं, तेही दुपारी, तोवर ते पुन्हा ठणठणीत. हुबळीच्या साहेबांनी लांबूनच बघितलं. 'मेंदूचा रोग दिसतोय. यावर औषध नाही. पुन्हा झटका आला तर आणा, इंजेक्शन देऊन सोडवू. उगीच हाल नकोत.' कसलं इंजेक्शन ते वसंताला कळलं. घरी जाऊन त्यानं अक्कांना सांगितलं, आणि अक्का त्या दिवशी पहिल्यांदा घरात मोठ्यानं बोलल्या, असं त्यानं मला नंतर सांगितलं. 'माझ्या घरातल्याला सुई टोचून मारायचा नाही,' एवढंच.

दोन दिवसांनी सकाळी दुकानातला माणूस धावत दवाखान्यात आला. झटका आलाय, अक्कांनी तुम्हालाच बोलावलंय, मोठ्या डॉक्टरना नको. मी सायकल हाणली. पोचलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून गेले होते.

स्वयंपाकघराबाहेरच्या पडवीत बाळू आडवा पडला होता. पाय ताठ, हिरड्या पांढऱ्या फटक, डोळे उघडे पण कुठंच बघत नव्हते. चार हात लांब अक्का उभ्या. अंगावर सोवळ्याचं लुगडं, त्यामुळं पिल्लाला हात लावता येईना, आणि लांब राहवतही नव्हतं. "बघा की हो," त्या म्हणाल्या, "बघा की."

आणि तेवढ्यात मला मागच्या दारातून शेपूट दिसली. परसाच्या उंबऱ्यापलीकडे गल्लीतलं काळं गावठी कुत्रं पसरलं होतं. करिया म्हणायचे त्याला. गोंडस, तुकतुकीत, ऊन खात ढेकर द्यायच्या बेतात.

"याला कधी घातलं?" मी विचारलं.

"करियाला होय? त्याला काय, सकाळी सातला. कालची भाकरी उरलेली असते, ती घालते आणि मग आंघोळीला जाते."

"आणि बाळूला?"

अक्का माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही मी असभ्य बोललो. "अहो, अजून नैवेद्य कुठं झालाय? एक वाजेल."

तेव्हा मला त्या घराचा नियम कळला. सोवळ्यात स्वयंपाक, पूजा, देवाला नैवेद्य, आणि त्याआधी घरातल्या कोणी तोंडात काही घालायचं नाही. शिळं तर घरातल्यानं कधीच खायचं नाही, ते बाहेरच्यांचं: गाय, भिकारी, करिया. अक्कांनी हा नियम नवरा गेल्यापासून तीस वर्षं पाळला होता. बाळू घरातला. म्हणजे रात्री आठनंतर थेट दुपारी एक. सतरा तास. रस्त्यावरचं कुत्रं सकाळी सातला जेवत होतं आणि घरचं लाडकं देवाची वाट बघत उपाशी मरत होतं.

माझ्या पिशवीत गाईसाठी ग्लुकोजची पावडर असायची. पडवीतल्या बादलीतलं पाणी तळहातावर घेऊन त्यात कालवली आणि बोटानं बाळूच्या हिरड्यांना चोळायला लागलो. मनात सप्तापूरचे प्राध्यापक. बोट चोळून चोळून दुखायला लागलं. मग जीभ हलली. मग त्यानं माझं बोट चाटलं. थोड्या वेळानं उठून बसला आणि माझ्यावरच भुंकला. असा आनंद मला म्हैस सोडवल्यावरही कधी झाला नव्हता, खोटं कशाला सांगू.

"अक्का," मी म्हटलं, "रोग-बिग काही नाही. भूक आहे. याला सकाळी सातला घालायला लागेल. रोज."

"नैवेद्याआधी?"

"आधीच."

"मग नियम मोडला की. घरातल्यानं आधी खाल्लं तर देवाला उष्टं."

"वसंतराव तर सकाळी..." असं म्हणून मी जीभ चावली. वसंता दुकानाशेजारच्या हॉटेलात रोज इडली हाणायचा, सारा बाजार बघायचा. मुलं शाळेच्या वाटेवर शेव-चिवडा खायची, सून माहेरी जाऊन यायची. घरात नियम, बाजारात इडली. तो नियम शब्दशः पाळणारे त्या घरात दोघंच होते, अक्का आणि बाळू. हा विनोद मी पुढं अनेकांना टाळी देऊन सांगितला. त्यातला अर्धा भाग माझ्या डोक्यात शिरला नाही, याची आज लाज वाटते.

 मी दमलो होतो, थोडा चिडलोही होतो, आणि बोलून गेलो, "करिया बाहेरचा म्हणून जगलाय. याला घरातला केलात म्हणून हा मरतोय. नियम मोडू नका. याला बाहेरचा करा."

बोललो आणि वाटलं, आता काठी येते डोक्यात. तीस वर्षं एकट्या राहिलेल्या बाईनं कोणाला तरी 'आपलं' म्हटलं होतं, आणि मी त्यालाच परका करा म्हणत होतो. त्यांचे डोळे भरले. मग त्या पुढं आल्या, सोवळ्यासकट खाली बसल्या, बाळूला उचललं, मागच्या दाराशी गेल्या आणि त्याला उंबऱ्यापलीकडे करियाच्या शेजारी ठेवलं. ठेवताना त्यांचे हात थरथरत होते. पिल्लाच्या काळजीनं, असं मी समजलो.

"हा आमचा नव्हे," अक्का स्वच्छ आवाजात म्हणाल्या, कोणाला ऐकवत होत्या कोण जाणे. "आजपासून हा बाहेरचा." बाळू लगेच उंबरा चढून आत आला. त्यांनी पुन्हा बाहेर ठेवला. तो पुन्हा आत आला. चौथ्या खेपेला त्या रडता रडता हसल्या, वसंताच्या बायकोला दूध आणायला सांगितलं, आणि पुन्हा आंघोळीला गेल्या. त्या दिवशी नैवेद्याला दोन वाजले.

मग मी दवाखान्याच्या कागदावर बाळूचा आहार लिहून दिला. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात अभिमानाचं लिखाण आहे. सकाळी सातला ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा, निम्मं पाणी घातलेल्या दुधात बोटानं कुस्करून. दहाला नाचणीची आंबील, नाचणीनं हाडं धरतात. दुपारी मऊ भात आणि घट्ट वरण, फोडणीआधीचं, कांदा-लसूण-तिखट नको. चारला ताजं दही. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा थोडं, म्हणजे सकाळपर्यंत टिकेल. पेढा बंद, हाडूक बंद. आणि खाली बिचकत लिहिलं, 'अंडं, उकडून, दिवसाआड अर्धं.' त्या घरात अंड्याचं नाव काढणं म्हणजे माझी शेवटची फेरी ठरायची.

अक्कांनी कागद दोनदा वाचला. "बाहेरच्यांनी काय खावं," त्या म्हणाल्या, "ते आपण कोण सांगणार?" दुसऱ्या दिवसापासून वसंता बाजारातून उकडलेलं अंडं वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा आणि उंबऱ्याबाहेर बसून बाळूला भरवायचा. अक्का त्या वेळी तुळशीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. झटके थांबले ते थांबलेच. बाळू आठ तासच काय, आठ मिनिटंही उपाशी राहिला नाही. सकाळी उंबऱ्याबाहेर तो परका आणि दुपारी एकनंतर पुन्हा घरातला. दिवसातून दोनदा जात बदलणारं कुत्रं मी तेवढं एकच पाहिलं.

ही गोष्ट हुबळीतून धारवाडला पोचली. सप्तापूरच्या बाया पिल्लं घेऊन बसनं माझ्याकडे यायला लागल्या. मी प्रत्येकीला आधी विचारायचो, 'सकाळी पहिला घास किती वाजता?' नुसतं 'खातं का' असं विचारायचं नाही, वेळ विचारायची. या प्रश्नावर मी कितीतरी पिल्लं वाचवली आणि थोडा शेफारलोही.

बाजारात गेलो की अक्कांच्या घरी डोकावायचो. साधारण अकराच्या सुमाराला. 'ऊटा आत्री, अक्का?' असं दारातूनच विचारायचो. 'आत्री,' असं आतून उत्तर यायचं. बाळू कसा आहे ते बघायचो, हिरड्या बघायचो, दात बघायचो, आणि जायचो. आठ-नऊ वर्षं. हुबळीत ऐकतात तसं ते 'आत्री' मी ऐकलं आणि चालू लागलो. अकरा वाजता, त्या घरात, अक्कांचं जेवण झालेलं असणं शक्यच नव्हतं. नियम मला पाठ होता. तरीसुद्धा.

एके दिवशी वसंता दवाखान्यात आला, हातात कुत्रं नाही. म्हणाला, "अण्णा, अक्का पडल्या. देवघरात. दुसऱ्यांदा."

"केव्हा?"

"सकाळी अकराला. हातपाय गार, अंगाला घाम. माणसांच्या डॉक्टरांनी साखरेचं दुखणं सांगितलंय, जुनं आहे म्हणाले. सकाळी खाऊन मग गोळी घ्यायची. खात नाहीत. नियम. गोळी तशीच रिकाम्या पोटी घेतात आणि पडतात. तुमचं ऐकतात त्या, तुम्ही सांगा."

अकरा म्हटल्यावर माझे कान तापले. ते थरथरणारे हात मला आठवले. बाळूला किती वाजता घालता, किती घालता, कशात कालवता, सगळं मी खोदून खोदून विचारलं होतं. त्याला भरवणारी बाई स्वतः रोज सतरा तास उपाशी राहत होती, आणि तिला मी कधी काही विचारलं नाही. कारण ती माझी केस नव्हती.

मी गेलो. अक्का खाटेवर बसल्या होत्या, कपाळाला पट्टी, पायाशी म्हातारा होत चाललेला बाळू. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "आलासा? सांगा आता. मलापण कागद लिहून देणार?"

"अक्का, सकाळी सातला काहीतरी..."

"मी घरातलीच हाय की हो," त्या म्हणाल्या. "बाळूला बाहेर काढला. मला कोण काढणार?"

 पन्नास शहाणी वाक्यं घोकून गेलो होतो, एकही आठवलं नाही. बाळूच्या हिरड्या बघितल्यासारखं केलं आणि उठलो. येताना सायकल चालवत आलो नाही, हातात धरून चालत आलो. सप्तापूरचं एक झालं, हे दुसरं, असं मनात येत होतं.

सातआठ दिवसांनी मला राहवेना. सकाळी सातला त्यांच्या मागच्या गल्लीतून निघालो, वाट वाकडी करून. आत जायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. करिया केव्हाच मेला होता, त्याच्या जागेवर त्याच्यासारखंच दुसरं काळं कुत्रं बसलं होतं. त्याच्या शेजारी बाळू. आणि बाळूच्या शेजारी, उंबऱ्याच्या बाहेरच्या पायरीवर, वेणूअक्का. आंघोळ व्हायची होती, अंगावर रात्रीचंच लुगडं. मांडीवर ताटली. कालची भाकरी दुधात कुस्करत होत्या. एक घास बाळूला, एक त्या काळ्याला, एक स्वतःला. पायरीच्या कडेला गोळीची पुडी.

मी सायकल थांबवली. तोंडातून सवयीनं निघून गेलं, "ऊटा आत्री, अक्का?"

त्यांनी वर बघितलं. लाजल्या नाहीत. ताटली जरा माझ्याकडे सरकवली.

"अजून कुठं," त्या म्हणाल्या, "आत्ताच बसलोय आम्ही बाहेरची माणसं. तुम्ही पण बसा की."

मी सायकल भिंतीला टेकवली आणि पायरीवर बसलो.